पाच लाखांचं कार्ड आणि चांदसैलीचा घाट

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतले बदल गावापर्यंत पोचवायचं पत्र निघालं की पंचायत समितीच्या सभागृहात ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, आशा, गटप्रवर्तक अशी सगळी मंडळी बोलावली जातात. पडद्यावर आकडे येतात, माहितीपत्रकं वाटली जातात, हजेरीपटावर सह्या होतात. मोकळं बोलणं सुरू होतं ते त्यानंतर, बाहेरच्या व्हरांड्यात. नंदुरबार जिल्ह्यात या योजनेवर जे बोललं जातं त्यातून खालचा संवाद मी जुळवून लिहिला आहे. यातली माणसं कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत. एक योजनेचे समन्वयक आहेत, कामावर मनापासून विश्वास असलेले. दुसऱ्या अक्राणी तालुक्यातल्या एका गावाच्या सरपंच, आधी बरीच वर्षं आशा म्हणून पाडे पालथे घातलेल्या. दोघांचंही म्हणणं मला मोलाचं वाटतं. कुठे कुणाचं पारडं जड वाटतं तेही मी मधूनमधून सांगणार आहे.

समन्वयक : ताई, आज सभागृहात तुम्ही काहीच बोलला नाहीत. एरवी पहिला हात तुमचा असतो.

सरपंच : काय बोलणार सर? तुम्ही सांगितलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण ते नंदुरबारहून बघितलं तर बरोबर आहे. आमच्या पाड्यावरून बघितलं की त्यातलं निम्मं दिसतच नाही.

समन्वयक : असं कसं म्हणता? किती वाट बघितली आपण या दिवसाची. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळं होतं, नंदुरबार नव्हतं. १९९८ पर्यंत आपण धुळ्यातच होतो! आपल्याला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यालाच लाभ होता, तोही वर्षाला दीड लाखापर्यंत. २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव आलं, पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सगळं बदललं. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड पिवळं की पांढरं, हा प्रश्नच उरला नाही. उपचार १३५६ झाले आणि २०२५ मध्ये सरकारने ते २३९९ पर्यंत न्यायचं ठरवलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला वय वंदना कार्ड, त्याचे पाच लाख वेगळे. अपघात झालेल्याला एक लाखापर्यंतचे उपचार, मग तो परराज्यातला असला तरी, फक्त अपघात आपल्या हद्दीत झालेला हवा. एवढं मोठं काम झालंय आणि तुम्ही म्हणता दिसत नाही.

सरपंच : सर, सप्टेंबर २०२१ आठवतो का? चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली होती. रस्ता बंद. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर टाकून घाटातून चालत निघाला. ती वाटेतच गेली.

समन्वयक : आठवतं. पेपरात आलं होतं.

सरपंच : तिला तेव्हा दीड लाखाचं संरक्षण होतं का पाच लाखांचं, काय फरक पडला असता?

समन्वयक : काहीच नाही. पण ताई, तो रस्त्याचा प्रश्न आहे. रस्ता बांधकाम खात्याचा, रुग्णवाहिका १०८ ची, दवाखाना आरोग्य खात्याचा. आमची योजना रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यावर सुरू होते. विमा योजनेने दरड उचलायची नसते.

सरपंच : तेच तर म्हणते. तुमची योजना दारात सुरू होते आणि आमचा माणूस दारापर्यंत पोचत नाही. नर्मदेकाठच्या भूषा, भादलकडची माणसं बघा. आधी बांबूला झोळी बांधून डोंगर उतरायचा, मग बार्ज मिळाली तर बार्ज, मग जीप, मग तालुक्याचं धडगाव. धडगावात सांगतात शहाद्याला न्या. शहाद्यात सांगतात नंदुरबारला न्या. नंदुरबारहून धुळं नाहीतर नाशिक. हा सगळा खर्च रुग्णाचा. तुमचा पाच लाखांतला पहिला रुपया खर्च व्हायच्या आधी घरातली बकरी विकलेली असते.

समन्वयक : घरी परतताना बसभाडं मिळतं. योजनेत आहे ते.

सरपंच : परतताना मिळतं. जाताना लागतं.

इथे सरपंचबाईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि ते फक्त भावनेने नाही. ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांची आहे: तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा. त्या चौकटीत ती भरघोस आहे. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात आजारपणाचा मोठा खर्च त्या चौकटीबाहेरच असतो. बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाचं खाणं, जीपवाल्याला दिलेले पैसे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. यातले अनेक जण दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय पडाव, म्हणजे तोडीचा तळ, सोडता येत नाही. अशा माणसाला चार दिवस रुग्णालयात बसायला लावणं म्हणजे त्याच्या डोक्यावरचं कर्ज वाढवणं, मग उपचार कितीही मोफत असोत.

समन्वयक : बरं, मग मी उलटा प्रश्न विचारतो. समजा योजना नसती. तुमच्या गावातल्या एखाद्या मुलाच्या हृदयाला भोक आहे. शाळा तपासणीच्या पथकाला ते सापडलं. शस्त्रक्रिया धडगावात होणार नाही, नंदुरबारलाही नाही. मोठ्या शहरातच जावं लागणार. पूर्वी काय व्हायचं? आमदाराचं पत्र, ट्रस्टचे उंबरठे, नाहीतर बाप जमीन गहाण टाकायचा. आणि बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही, पोर तसंच वाढायचं आणि एक दिवस जायचं. आज त्या पोराची शस्त्रक्रिया एक रुपया न देता होते. तुमच्याच तालुक्यातली अशी पोरं मी पाठवली आहेत. ही गोष्ट लहान आहे का?

सरपंच : लहान नाही. मी स्वतः सोबत गेलेय.

समन्वयक : आणि सिकलसेल? तुमच्याकडे घरटी एक माणूस सांगतो हातपाय दुखतात, खुबा दुखतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हाड झिजत जातं. विशी-पंचविशीतली पोरं लंगडत चालतात. खुब्याचा सांधा बदलायची शस्त्रक्रिया बाहेर करायची तर लाखांत जाते. ती योजनेत आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी होणार? कितीही डॉक्टर नेमले तरी नाही होणार. म्हणून म्हणतो, गावच्या दवाखान्याची आणि विम्याची तुलना करू नका. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

सरपंच : कामं वेगळी आहेत हे मान्य. पण पैसा एकाच सरकारचा ना? त्याच पोराला खुबा झिजायच्या आधी सिकलसेलची तपासणी वेळेवर झाली असती, गोळ्या दर महिन्याला मिळाल्या असत्या, दुखणं उठलं की जवळ दाखल करायची सोय असती, तर सांधा बदलायची वेळ किती जणांवर आली असती? सांधा बदलला तर रुग्णालयाला पैसे मिळतात. सांधा वाचवला तर कुणाला काय मिळतं?

समन्वयकांकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. माझ्या माहितीत तरी ते या योजनेच्या रचनेत कुठे नाही. विमा योजना दाव्यांवर चालते. दावा शस्त्रक्रियेचा होतो, टळलेल्या शस्त्रक्रियेचा होत नाही. आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री आली, तेव्हापासून देशभर ही चर्चा आहे की मोठ्या आजारांच्या विम्यावर पैसा वाढत जातो आणि पहिल्या पायरीचे दवाखाने मागे राहतात. थायलंडची वाट वेगळी होती. तिथे २००२ मध्ये सगळ्या नागरिकांना आरोग्य संरक्षण देणारी योजना उभी राहिली. तीस बाथची योजना म्हणून जग तिला ओळखतं. पण त्याआधीची वीस-तीस वर्षं त्या देशाने जिल्ह्या-तालुक्यांत रुग्णालयं बांधण्यात घातली होती, नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा सक्तीची केली होती, १९८० च्या दशकात तर शहरांतल्या नव्या रुग्णालयांचा पैसा रोखून ग्रामीण भागाकडे वळवला होता. आधी दार बांधलं, मग किल्ली वाटली. आपण नंदुरबारच्या डोंगरात किल्ली आधी वाटली आहे.

समन्वयक : ताई, एक गोष्ट मात्र तुम्ही विसरताय. सरकारी रुग्णालयही या योजनेत दावा करू शकतं. खासगीसारखेच पैसे त्यांना मिळतात. त्यातून औषधं, साहित्य घेता येतं, कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता देता येतो. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवले आहेत. जिल्ह्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालंय. नंदुरबारला जितके दावे होतील तितकं ते रुग्णालय सक्षम होईल. विम्याचा पैसा खासगीतच जातो हे खरं असायची गरज नाही.

सरपंच : हे तुम्ही सभागृहात का नाही सांगितलं?

समन्वयक : सादरीकरणात नव्हतं.

सरपंच : पण आम्हाला हेच ऐकायचं होतं सर! धडगावचं ग्रामीण रुग्णालय, मोलगीचं ग्रामीण रुग्णालय. तिथे आम्ही रोज जातो. तिथला किती रुग्णांचा दावा झाला, किती पैसा आला, त्यातून काय घेतलं, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आम्हाला विचारता येतं. पण विचारायचं असतं हे कुणी सांगतच नाही.

समन्वयक : ग्रामीण रुग्णालयात अडचण अशी आहे की शस्त्रक्रियेला सर्जन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो. भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रिया नाही, शस्त्रक्रिया नाही तर दावा नाही, दावा नाही तर पैसा नाही.

सरपंच : आणि पैसा नाही म्हणून भूलतज्ज्ञ येत नाही.

समन्वयक : निव्वळ पैशाने येईल असंही नाही. पण हो.

एवढ्यात एका आशाताईने येऊन सरपंचबाईंच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत रेशनकार्ड, आधारकार्डांच्या झेरॉक्स, एक एक्स-रे. घराच्या वाशाला बांधून ठेवतात तशी पिशवी, धुराने पिवळी पडलेली. या भागात फिरणाऱ्या कुणालाही ओळखीची. योजनेचा पुढचा सगळा वाद त्या पिशवीतल्या कागदांवर झाला, म्हणून तो मी सविस्तर देतो.

सरपंच : हे बघा. कार्ड सासऱ्याच्या नावावर. सासरा वारून चार पावसाळे झाले. नवऱ्याचं नाव आहे, सुनेचं नाही. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर होतं, माहेरच्यांनी गेल्या वर्षी ते कमी करून घेतलं. म्हणजे ती आता कुठल्याच कार्डावर नाही. तिच्या पोटात गाठ आहे. शहाद्याला दाखवलं तर सांगितलं, मोठी शस्त्रक्रिया लागेल.

समन्वयक : आधार आहे ना?

सरपंच : आहे. आधारची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून झाली हे विसरलात का? २९ सप्टेंबर २०१० ला शहादे तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधानांनी येऊन देशातलं पहिलं आधार दिलं. आधार सगळ्यांकडे आहे. पण हिच्या आधारवर नाव माहेरचं आहे आणि जन्मतारीख १ जानेवारी. आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला असतो.

समन्वयक : नाव रेशनकार्डावर चढवून घ्यायला हवं. तहसीलमध्ये अर्ज, माहेरचं नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा.

सरपंच : लग्नाचा पुरावा कुठून आणायचा? आमच्याकडे पोरगा-पोरगी एकत्र राहायला लागतात, दोन पोरं होतात, मुलीच्या घरी देज द्यायला पैसे जमले की मग लग्नाचा विधी. तहसीलचा कारकून म्हणतो दाखला आणा.

समन्वयक : पण ताई, विवाह नोंदणी तुमच्या ग्रामपंचायतीतच होते. ग्रामपंचायत अधिकारीच निबंधक असतो. तुम्ही दोघांनी मनावर घेतलं तर हा दाखला लवकर निघेल. तहसीलमध्ये पाठवायच्या आधी हेच करायला हवं होतं. योजनेतला हा अडथळा मुंबईत सुटणार नाही, तुमच्या टेबलावरच सुटेल.

सरपंच : मान्य. हे आमचं चुकतं.

समन्वयक : आणि हिची तब्येत अचानक बिघडली तर कागदांसाठी थांबायचं नाही. तातडीच्या रुग्णाला अंगीकृत रुग्णालयात आधी दाखल करायचं, आरोग्यमित्राने फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची, कागद मुदतीत नंतर द्यायचे. रुग्णालय नाही म्हणालं, पैसे मागितले, तर १५५३८८ ला फोन करायचा. गावातल्या प्रत्येक आशाच्या मोबाइलमध्ये हा नंबर पाहिजे.

सरपंच : नंबर आहे. रेंज नाही. नदीकाठच्या पाड्यांवर आपला टॉवर लागतच नाही, कधी गुजरातचा लागतो, कधी मध्य प्रदेशचा. आणि फोन लागला तरी समोरची व्यक्ती मराठी-हिंदीत बोलते, आमची म्हातारी पावरीत. मागे एका मोठ्या रुग्णालयात आमच्या माणसाला कागद पुढे करून सही मागितली. काय लिहिलंय विचारायची त्याची हिंमत झाली नाही. नंतर कळलं, आत घातलेल्या रॉडचे पैसे वेगळे देईन असं त्यावर लिहिलं होतं. त्या टेबलावर पावरी किंवा भिली जाणणारं एक माणूस असतं तर हे झालं नसतं.

समन्वयक : असे पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. उपचाराच्या ठरलेल्या रकमेतच सगळं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारणाची समिती आहे, तिच्याकडे तक्रार केली का?

सरपंच : कोण करणार? तो माणूस आठवड्याभरात उसाला गेला.

आरोग्यमित्र हा या योजनेचा कणा आहे, असं मी पूर्ण जाणीवपूर्वक म्हणतो. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात तो बसलेला असतो. रुग्णाची नोंदणी, मंजुरी, तक्रार, घरी सोडणं सगळं त्याच्या हातून जातं. नंदुरबार, शहादे, धुळं आणि नाशिक इथल्या रुग्णालयांत सातपुड्यातली भाषा बोलणारी मुलं-मुली या टेबलावर बसवणं ही योजनेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा ठरेल. नर्सिंग शिकलेल्या, बारावी-पदवीधर आदिवासी मुलींची या जिल्ह्यात आता उणीव नाही.

यानंतर बोलणं गुजरातकडे वळलं. नंदुरबारमध्ये आरोग्याची कुठलीही चर्चा गुजरातला वळसा घालून पुढे जात नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, आणि सुरत अनेकांना धुळ्याइतकीच ओळखीची आहे.

सरपंच : माझा शेवटचा मोठा प्रश्न. आमचा माणूस बारडोलीला पडावावर आजारी पडला, त्याला सुरतेत दाखल केलं. कार्ड चालेल का?

समन्वयक : त्याच्या कुटुंबाचं नाव केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत असेल तर देशभरात कुठेही, सुरतेतल्या अंगीकृत रुग्णालयातही चालेल. यादीत नसेल आणि तो फक्त राज्याच्या योजनेत येत असेल तर नाही. राज्याची हद्द ओलांडली की संपलं. कर्नाटकातल्या मराठी सीमाभागासाठी तिथली काही रुग्णालयं सरकारने जोडून घेतली, तसं सुरतेकडे नाही.

सरपंच : दोघांच्या हातातलं कार्ड दिसायला सारखंच ना?

समन्वयक : कार्डावर दोन्ही योजनांची नावं असतात.

सरपंच : मग कुणाचं कुठे चालेल हे आम्हाला कसं कळणार?

समन्वयक : ॲपवर एकेकाचं बघता येतं.

सरपंच : एकेकाचं नको. गावाची यादी द्या. ही माणसं केंद्राच्या यादीतली, ही फक्त राज्याच्या. ऊसतोडीला निघायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, मी ती ग्रामसभेत वाचून दाखवेन. ज्याचं सुरतेत चालत नाही त्याला निदान माहीत तरी असेल की दुखणं वाढायच्या आत नवापूर गाठायचं, नंदुरबार गाठायचं. आज त्याला हे सुरतेच्या खिडकीवर कळतं.

समन्वयक : यादीत व्यक्तीची खासगी माहिती असते, जाहीर वाचता येणार नाही. पण कुटुंबप्रमुखाला त्याची स्थिती आशामार्फत कळवता येईल. ते करतो मी.

सरपंच : तसंही चालेल. आणि कार्डांचं शिबिर कधी लावता तेही बघा. गेल्या वेळी पौषात लावलं, तेव्हा गाव रिकामं होतं. होळीला लावा. होळीला आमचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी परत येतो. काठीची राजवाडी होळी, भोंगऱ्याचे बाजार, त्या आठ-दहा दिवसांत सातपुडा माणसांनी भरलेला असतो. मोलगी-धडगावच्या बाजारात टेबल मांडा. बोटाचा ठसा उमटत नाही अशी म्हातारी माणसं असतात, त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय ठेवा.

समन्वयक : होळीला सगळ्या कर्मचाऱ्यांना सुट्टी हवी असते.

सरपंच : त्यांना नंतर सुट्टी द्या सर. वर्षातून एकदाच सगळे एका जागी भेटतात.

इतकं झाल्यावर समन्वयकांनी एक गोष्ट सुचवली, आणि ती ऐकून मला बरं वाटलं, कारण ती पूर्णपणे गावाच्या हातातली आहे. नंदुरबारचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. त्याच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य आणि शिक्षण आहे. बहुतेक ठिकाणी हा पैसा पेव्हर ब्लॉक आणि सौरदिव्यांवर संपतो.

समन्वयक : ग्रामसभेने ठराव केला की गंभीर रुग्णाला रुग्णालयापर्यंत न्यायचं गाडीभाडं आणि सोबतच्या एका माणसाचा जेवणखर्च या निधीतून द्यायचा, तर तुम्ही मघाशी म्हणालात त्या बकरीचा प्रश्न निदान काही प्रमाणात सुटेल. परतताना योजनेचं भाडं आहेच.

सरपंच : ऑडिटवाले हरकत घेतील. जीपवाला पावती देत नाही.

समन्वयक : आधी दर ठरवून घ्या. गावातून धडगाव इतके, शहादे इतके. रुग्णालयाचं दाखल कार्ड आणि आरोग्यमित्राची सही जोडा. गटविकास अधिकाऱ्यांकडून आधी लेखी मार्गदर्शन मागवा, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी घाबरणार नाही.

सरपंच : हे जमेल. पण मग आणखी एक सांगते. तुम्ही महिन्याला वर जो अहवाल पाठवता, त्यात आमच्या तालुक्याचं काय असतं?

समन्वयक : किती कार्डं काढली, किती शिबिरं झाली. उद्दिष्ट आणि साध्य.

सरपंच : अक्राणीचे किती रुग्ण योजनेतून बरे होऊन आले, कुठल्या रुग्णालयातून, किती किलोमीटर जाऊन, कितींना पैसे द्यावे लागले, हे असतं का?

समन्वयक : उपचार घेतलेल्यांची माहिती संगणकावर आहे, तालुकावार काढता येते. कुणी मागत नाही म्हणून निघत नाही. पैसे द्यावे लागले का, ते मात्र घरी जाऊन विचारावं लागेल.

सरपंच : ते आशा विचारतील. डोंगरातल्या दोन तालुक्यांपुरतं तरी करा. अक्राणी आणि अक्कलकुवा. आमच्यात नव्वद टक्के कार्डं झाली म्हणून वर टाळ्या वाजतील आणि उपचार घेतलेले हातावर मोजण्याइतके असतील, तर कलेक्टरांना कळायला हवं की माणसं कार्डावाचून नाही, वाटेवाचून अडलेली आहेत.

समन्वयक : मी तालुकावार आकडे काढतो. पुढच्या सभेत ठेवतो. पण ताई, धडगावला भूलतज्ज्ञ आणणं माझ्या फायलीत येत नाही. माझं कार्यालय राज्य आरोग्य हमी सोसायटीखाली, डॉक्टरांच्या नेमणुका आरोग्य सेवेकडे.

सरपंच : म्हणून मी दोन ठराव करणार. एक गाडीभाड्याचा, पाच टक्क्यांतून. दुसरा भूलतज्ज्ञाचा, त्याची एक प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक तुमच्या सोसायटीला. त्यात तुमचे आकडे लागतील, धडगावहून बाहेर पाठवलेल्या रुग्णांचे.

समन्वयक : देतो. लेखी मागणी करा, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर. आणि त्या सुनेचे कागद माझ्याकडे राहू द्या. विवाह नोंदणीचा दाखला निघाला की लगेच फोन करा, मी धुळ्याच्या आरोग्यमित्राशी बोलून ठेवतो.

सरपंच : दाखला सोमवारी काढते. धुळ्याला तिच्यासोबत कोण जाईल, ते आज रात्री पाड्यावर ठरवते.